थांबामास्तरांचा आवर

मोटार चालवायला शिकवणारा माणूस खरं तर गाडी चालवण्यासाठी प्रसिद्ध व्हायला हवा, पण मास्तर प्रसिद्ध होते ते थांबवण्यासाठी. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी आपल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना शिकवलं आणि एवढ्या काळात त्यांच्या तोंडून सर्वात जास्त वेळा बाहेर पडलेला शब्द होता ‘थांबा’. वळायच्या आधी थांबा, वळल्यावर थांबा, समोर कुणीच नसेल तर का नाही हे कळेपर्यंत थांबा. शिकायला येणाऱ्यांनी त्यांचं नाव थांबामास्तर ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. नवख्या माणसाला वाटायचं, हे गृहस्थ बसथांब्यावर नोकरीला असावेत.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. मास्तरांच्या गाडीत दोन्ही बाजूंचे ब्रेक खालून गेलेल्या एकाच लोखंडी दांडीला बसवलेले होते. ही सोय असते अडीअडचणीसाठी. मास्तरांच्या हिशेबाने किल्ली फिरवली की अडचण सुरू झाली, त्यामुळे त्यांचा उजवा पाय त्या ब्रेकवर कायम तळ ठोकून असायचा. त्यांच्याकडून शिकून गेलेले लोक आरसे झकास बघत, गिअर अलगद टाकत, आणि थांबायची वेळ आली की शेजारच्या सीटकडे बघत. त्यांची एक विद्यार्थिनी पुढे मज्जातंतूंच्या आजारांची मोठी डॉक्टर झाली. तिने स्वतःची गाडी घेतली आणि त्याच आठवड्यात ड्रायव्हर ठेवला.

घरातही हाच कारभार. स्वयंपाकघराला रंग द्यायचा विषय निघाला की थांबा जरा. पंखा बदलायचा म्हटलं की थांबा, चालतोय ना अजून. अशा माणसाशी बायकोने संसार रेटला तो एका शब्दाच्या जोरावर, आणि तो शब्द म्हणजे ‘आवरा’. मास्तरांची दाढी, अंघोळ आणि बुटांचं पॉलिश यांना अख्खी सकाळ पुरायची नाही. न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून ती रोज म्हणायची, अहो, आवरा. आतून उत्तर यायचं, थांब. या दोन शब्दांवर त्या घराची सकाळ चालायची, आणि मधल्यामध्ये चहा गार व्हायचा.

त्यांना मुलगी एकच. वय तिशीच्या पुढे, पण घरात आणि ऑफिसात सगळे तिला बेबीच म्हणत. ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस तीच सांभाळायची. गाडी चालवायचं लायसन्स तिने नऊ वर्षांपूर्वी पहिल्या फटक्यात काढलं होतं आणि मागाहून शिकवायचा परवानाही. मास्तरांचं म्हणणं, लायसन्स हा सरकारचा विश्वास झाला, माझा वेगळा. बेबीने गाडी बाहेर काढली की ते धावतपळत येऊन शेजारी बसायचे आणि पाय ब्रेकवर. आणि शिकवायला तिला शेजारच्या सीटवर बसू द्यायचा तर प्रश्नच नव्हता. तिथे बसायला पाय लागतो, असं ते म्हणायचे, जणू बेबीला पाय नव्हतेच. बेबी यावर कधी वाद घालत नसे. ती मान डोलवायची आणि पुढच्या माणसाची पावती फाडायची.

आजार आला तोही असा चोरपावलांनी, की कुणाला तो आजार वाटलाच नाही. आधी पाठ ताठ झाली. लोक म्हणाले, मास्तर या वयातसुद्धा काय ताठ बसतात. मग मांड्या धरू लागल्या. मग एक दिवस मागच्या टँकरने हॉर्न दिला आणि मास्तरांचा पाय त्यांना न विचारता ब्रेकवर दाबला गेला आणि तिथेच काठीसारखा ताठला. गाडी थांबली. गाडी चालवणारी बाई म्हणाली, बरं झालं सर, माझं लक्षच नव्हतं. त्यानंतर हे वारंवार व्हायला लागलं. हॉर्न वाजला, कुणी दार आपटलं, मागून हाक मारली, की पाय गेलाच. दुसऱ्या कुठल्या शिक्षकाचा पाय असा वागला असता तर आठ दिवसांत बोभाटा झाला असता. मास्तरांच्या बाबतीत लोकांना वाटलं, माणूस वयाबरोबर आणखी सावध होत चाललाय. दोन पालकांनी तर खास याच कारणासाठी आपल्या मुलींची नावं त्यांच्याकडे घातली. पायात कळा यायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, ते मास्तर आरशात बघायच्या निमित्ताने मान वळवून पुसून टाकत.

बायकोच्या नजरेतून मात्र सुटलं नाही. कुकरची शिट्टी झाली की नवरा दारातच खांबासारखा उभा राहतो, हे तिने तीन-चारदा पाहिलं आणि धरून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणजे तीच, ड्रायव्हर ठेवलेली विद्यार्थिनी. तिने पाय ठोकून पाहिले, स्नायूत सुया घालून त्यातली वीज मोजली, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट घ्यायला मास्तर एकटेच गेले. बाहेर ही गर्दी, आत फोन वाजतोय, अशात ती म्हणाली, “मास्तर, तुमच्या मज्जारज्जूत आवर कमी पडतोय. ही गोळी तो आवर वाढवेल. रोज घ्यायची, मनाने बंद करायची नाही. आणि सध्या ब्रेकच्या सीटवर बसू नका.”

यातलं शेवटचं वाक्य मास्तरांनी दवाखान्याच्या पायरीवरच सोडून दिलं. पहिलं मात्र आपल्या शब्दांत घरी आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्यात आवर कमी आहे.

बायकोने कमरेला पदर खोचला. मग म्हणाली, “हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय. मला कुणी फी दिली नाही.”

आता यात त्या दोघांना तरी काय दोष द्यायचा. आपली भाषाच अशी अवली, की उधळलेल्या घोड्याला घालतात तोही आवर आणि न्हाणीघरात रेंगाळलेल्या नवऱ्याला सांगतात तेही आवर. डॉक्टरीणबाईंच्या मनात होता लगाम. या घराला माहीत होती ती फक्त घाई. गोळीने आपण झटपट आवरू लागू अशा खात्रीने मास्तरांनी ती सुरू केली. आणि ती गोळी पडली स्नायू सैल करणारी, डोळ्यांवर झापड आणणारी. पहिल्या आठवड्यात दाढी करता करता त्यांना दोनदा डुलकी लागली. मोजा अर्धा चढवून ते पलंगावर बसून राहत आणि बायको दारातून बघत राही. इतकं हळू तर ते बिनगोळीचंही आवरत नव्हते.

मास्तरांनी निष्कर्ष काढला, की गोळी चुकीची आहे. बायकोचंही तेच मत पडलं. इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झाल्याची ही दुर्मीळ वेळ. ज्या मुलीला साधा ब्रेक सापडत नव्हता तिला आजार कुठून सापडणार, असं म्हणून मास्तरांनी पाकीट कपाटात टाकलं. पाय खरं तर त्या आठवड्यात जरा सैल पडले होते, कळाही कमी होत्या. पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण सगळे घड्याळाकडे बघत होते.

गोळी बंद झाल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी व्हायचं ते झालं. गाडी चालवत होती एक दंतवैद्य, स्वभावाने गरीब, दुसऱ्याच्या तोंडात हात घालायला न घाबरणारी पण चौकात घाबरणारी. बरोबर चौकाच्या मध्यावर कुणीतरी कर्कश हॉर्न दिला. मास्तरांचा उजवा पाय ब्रेकवर ताठला, डावा क्लचवर ताठला, पाठ कमानीसारखी मागे गेली. मागून एक टॅक्सी हलकेच येऊन आदळली आणि मागचा दिवा फुटला. सगळ्या बाजूंनी हॉर्न सुरू झाले, आणि जितके हॉर्न वाजत तितका पाय आणखी घट्ट होई. वाहतूक पोलीस धावत आला आणि म्हणाला, पाय काढा. आयुष्यभर ज्यांनी जगाला थांबा म्हणून सांगितलं ते मास्तर त्या दिवशी चौकात घामाने निथळत बसले होते, आणि त्यांना आपलाच पाय सांगून ऐकत नव्हता.

दंतवैद्यीणबाईंनी ऑफिसला फोन लावला. बेबी स्कूटरवरून आली. तिने आधी गाडीचं इंजिन बंद केलं, काचा वर घेतल्या, पोलिसाला दोन मिनिटं हॉर्न बंद करवायची विनंती केली, आणि शेजारी बसून बापाच्या मांडीवर नुसता हात ठेवला. हळूहळू पाय सुटला. तिथून मास्तर थेट दवाखान्यात भरती झाले.

या वेळी डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून निवांत बसल्या. पाकीट कपाटात का गेलं हे ऐकल्यावर त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग हसू आवरलं, आणि मग ज्या माणसाने त्यांना ब्रेक शिकवला नव्हता त्याला ब्रेकच्याच भाषेत समजावून सांगितलं. कुठे जायचं ते मेंदू ठरवतो, पण एकेक पाऊल टाकायचं काम पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू परस्पर उरकतो. तिथे पेशींच्या जोड्या असतात. डावा पाय निघाला की डावीकडच्या पेशी उजवीकडे निरोप धाडतात, थांब. मग उजवीकडची पाळी आली की ती डावीला म्हणते, थांब. एकाच पायातही तसंच. गुडघा वाकवणारा स्नायू निघाला की सरळ करणाऱ्याला थांब म्हणून सांगावं लागतं. हा निरोप पोचवणारी दोन रसायनं, एक ग्लायसीन आणि एक गाबा. चालायचा ताल म्हणजे या थांब-थांबची पाळी, दुसरं काही नाही. तुमच्या शरीरानेच चुकून गाबा तयार करणाऱ्या कारखान्याशी वैर धरलंय. थांब म्हणणारं कुणी उरलं नाही, की वाकवणारा आणि सरळ करणारा दोघंही एकदम ओढायला लागतात. मग पाय काठी होतो. तुमचा पाय ब्रेकवर अडकतो तो आतला ब्रेक निकामी झालाय म्हणून.

एवढ्या सगळ्या बोलण्यातून मास्तरांनी आपल्या सोयीचं तेवढं वेचलं. चालणं म्हणजे थांब-थांबची पाळी. इतक्या वर्षांत कुणी त्यांना इतकं मोठं प्रमाणपत्र दिलं नव्हतं. ते उशीवर रेलून बायकोकडे विजयी मुद्रेने बघू लागले. पुढचे दोन दिवस त्यांनी हे सगळ्या नर्सना, वॉर्डबॉयना आणि पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगितलं. विज्ञानाने सिद्ध झालंय, थांबल्याशिवाय चालता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना मध्येच अडवून आणखी एक सांगितलं होतं. “पाळी म्हणाले मी, मास्तर. आवर घालायचा आणि लगेच सोडायचाही. ज्या पेशीला थांब म्हटलं, ती सोडल्याबरोबर आपणहून उसळी घेते, तेच पुढचं पाऊल. सारखाच आवर धरून ठेवला तर कुणी जागचं हलणार नाही.” हे वाक्य मास्तरांनी ऐकलं, पण पुढे कुणाला सांगितलं नाही.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, जास्त ताकदीच्या. पाय सैल पडले, फिजिओथेरपीवाला भिंतीच्या कडेने त्यांना चालवू लागला. मात्र एक गोष्ट डॉक्टरीणबाईंनी बायको-मुलीसमोर बजावली. ब्रेकच्या सीटवर पुन्हा बसायचं नाही. आज नाही, बरं वाटलं तरी नाही.

मग प्रश्न आला ड्रायव्हिंग स्कूलचा. बायकोने तो संध्याकाळी खाटेशी बसून काढला. बेबी आहेच की, परवाना आहे तिच्याकडे, तीच शिकवेल. मास्तर छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, त्यापेक्षा बंद करू. गाडी विकून टाकू. बायको म्हणाली, अहो, पोरीने तुमच्या ऑफिसात उमर घालवली, ती काय आता विकायच्या पाटीखाली बसणार? मास्तर म्हणाले, तिला ब्रेक येत नाही. बेबी तिथेच उभी होती, पाण्याची बाटली भरत. तिने झाकण लावलं, बाटली उशाशी ठेवली आणि उद्या डिस्चार्ज किती वाजता आहे ते विचारायला बाहेर गेली. मास्तरांना मनातून वाईट वाटलं. पण जे खरं ते खरं, असंही वाटलं. नऊ वर्षं प्रत्येक वळणावर, प्रत्येक सिग्नलला ब्रेक आपल्या पायाखाली गेला होता, हे त्यांना जितकं ठाऊक होतं तितकं स्वतःचं नावही ठाऊक नव्हतं.

घरी न्यायला बेबी शिकवायचीच गाडी घेऊन आली. मास्तर सवयीने शेजारच्या दाराकडे निघाले, तर बायकोने आधीच तिथे बैठक मारली होती आणि पाय सीटवर मांडी घालून वर घेतले होते. मास्तरांना मागे बसावं लागलं. त्या गाडीत मागे ते कधी बसले नव्हते. मागे काहीच नसतं, एक पायपुसणं तेवढं असतं. बेबीने गाडी सुरू केली आणि मास्तरांच्या लक्षात आलं, की ब्रेक न येणाऱ्या मुलीच्या हातात आपण तिघांचे जीव दिलेत आणि शेजारी बसलीय ती मांडी घालून.

सिग्नल गेला, दुसरा गेला. गाडी थांबत होती, सुटत होती. मास्तर पायपुसण्यावर पाय रोवून बसले होते. घराजवळच्या अरुंद रस्त्यावर उभ्या असलेल्या एका व्हॅनचं दार खाडकन उघडलं आणि एक माणूस पाठमोरा खाली उतरला. मास्तरांनी पायपुसणं जिवाच्या आकांताने दाबलं. दोन्ही पाय ताठले, कळ पाठीत गेली, डोळे मिटले गेले. उघडून बघतात तर गाडी त्या माणसापासून चांगली दोन हात अलीकडे उभी होती. दवाखान्यात उशाशी असलेली पाण्याची बाटली त्यांच्या शेजारी सीटवर उभी ठेवली होती, ती कलंडलीसुद्धा नव्हती. मास्तरांच्या ब्रेकने लोकांची कपाळं काचेपर्यंत जायची. व्हॅनवाल्याने हात वर केला, बेबीने मान हलवली, आणि गाडी पुन्हा निघाली.

दारात गाडी उभी राहिली तरी मास्तरांचे पाय सुटले नव्हते. उतरणं शक्य नव्हतं. बायको दार उघडायला आणि अंथरूण घालायला आत गेली. बेबी पुढेच बसून राहिली.

“आज ब्रेक तू लावलास,” मास्तर म्हणाले. आवाज तक्रारीचा होता.

“रोज मीच लावते, बाबा.”

मास्तर म्हणाले, असं कसं होईल. पाय माझा असायचा, पेडल माझ्या पायाखाली जायचं.

“जायचंच ना. दोन्ही पेडल एका दांडीला आहेत. मी इकडून दाबलं की तुमचंही खाली जायचं. तुमचा पाय त्याच्यावर ठेवलेला असायचा, म्हणून तुम्हाला वाटायचं, तुम्ही दाबलं.”

मास्तरांनी ती दांडी स्वतः बसवून घेतली होती, दर वर्षी तिला तेल घातलं होतं. नऊ वर्षांतली वळणं त्यांना एकेक आठवू लागली. बाजारातलं, पुलाखालचं, शाळेच्या दारातलं, जिथे आपण पोरीला वाचवलं म्हणून ते रात्री सुखाने झोपले होते. लाज वाटली, अगदी कान तापले. आणि त्या लाजेखाली, त्यांना मुळीच नको असताना, अभिमान वाटायला लागला. इतका गुळगुळीत ब्रेक, की दुसऱ्याला तो आपलाच वाटावा.

“आणि बाकीचे? तेही स्वतःच लावायचे?”

“नाही. डॉक्टरीणबाई तुमच्यावर विसंबल्या.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“तुम्ही खूश असायचात,” बेबी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “आणि मला वाटायचं, कधीतरी पाय काढाल.”

मास्तरांनी खाली बघितलं. दोन्ही पाय पायपुसण्यावर तसेच रोवलेले होते. त्यांनी मनातल्या मनात पायांना सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, विनवून पाहिलं. मग पायांचा नाद सोडला आणि म्हणाले, त्या दंतवैद्यीणबाईंना सोमवारी बोलाव, शेजारी तू बस. गाडी विकायची नाही.

बेबीने आभार मानले नाहीत. ती वळून बघत म्हणाली, “आधी पाय सुटू देत. मला घाई नाही.” आणि नऊ वर्षं थांबलेल्या त्या मुलीने बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून काच वर घेतली, आणि बापाचे पाय सुटायची वाट बघत बसली.